बेगल चिवट हवा, वातड नको : नागपूरकरांनो, आपापले अनुभव सांगा

गेल्या शनिवारी सहा बेगल, म्हणजे मधे भोक असलेले, उकळून मग भाजलेले गोल पाव, मागवले. दोन लगेच संपले. चार मी शहाण्यासारखे स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. रविवारी सकाळी एक कापायला घेतला, तर आतला भाग कोरडा ठक्क, सुरीखाली भुगा पडायला लागला. मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवला. छान मऊ झाला. तेवढ्यात फोन आला, पाच मिनिटांनी परत येऊन घास घेतला तर चप्पल चावतोय की काय! सासूबाई म्हणाल्या, "वातड झाला गं. पापड असता तर पुन्हा भाजला असता."

शब्द त्यांनी नेमका काढला. चांगला बेगल चिवट असतो, म्हणजे दाताला जोर लावावा लागतो पण घास तुटतो आणि चावायला मजा येते. वातड बेगल नुसता ताणला जातो. नागपुरात आता बेगल घरपोच येतात, पण एका बेगलच्या पैशात तर्री पोह्याच्या तीन प्लेटा होतात, तेव्हा वाया गेला की जीव जळतो. तुम्ही कसे टिकवता? फसलेलं असेल तर ते आधी सांगा.

मनीषनगर, घरून बेगल करून विकते

मी विकणारी बाजू, त्यामुळे पहिला दगड माझ्यावरच.

सुरुवातीला लोक म्हणायचे, ताई, गरमागरम पाठवा. मी भट्टीतून काढले की पंधरा मिनिटांत प्लास्टिकच्या डब्यात भरून द्यायची. बेसा, वाडी, कुठेकुठे जायचे. अर्ध्या तासाने ग्राहक झाकण उघडणार तर झाकणाला आतून घाम, बेगलची पाठ ओली, तीळ गळून खाली. संध्याकाळपर्यंत तीच पाठ चामड्यासारखी. एका ताईंनी फोटो पाठवला, खाली फक्त लिहिलं होतं, "हे काय?" काय सांगणार!

बेगल आणि पाव यांत फरक आहे तो उकळण्याचा. माझी कणीक किलो मैद्याला साडेपाचशे मिली पाण्याची, म्हणजे पुरीच्या कणकेसारखी घट्ट. आपल्या मैद्यात प्रथिनं कमी, म्हणून वरून थोडी ग्लुटेन पावडर घालते. कडी वळून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी मध घातलेल्या उकळत्या पाण्यात प्रत्येक बाजूने पाऊण मिनिट, मग भट्टीत. पाण्यात पडल्या पडल्या वरचा पिठाचा थर शिजून खळीसारखा होतो, भट्टीत तो वाळून चकचकीत साल धरतो. सगळी गंमत त्या सालीची. डब्यात कोंडलेली वाफ पहिल्यांदा तिच्याच मुळावर उठते.

आता दीड तास जाळीवर पूर्ण गार करते आणि कागदी पिशवीत देते. तुमच्याकडे बंद डब्यात आणि कोमट आले, तर डबा ओट्यावर तसाच ठेवू नका. उघडा, बेगल जाळीवर मांडा. जाळी नसेल तर पुऱ्या निथळायची चाळणी चालते. कागदी पिशवीवर मात्र भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत निभतं, मे महिन्यात दोन तासांत कडेने सुकायला लागतात. आणि क्रीम चीज लावून मागवूच नका. वेगळी डबी मागा.

धरमपेठ, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

फ्रिजमध्ये ठेवलंत तिथेच घात झाला. शिळेपणा म्हणजे पाणी उडून जाणं, असा आपला समज असतो. १८५२ साली बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरी पाव शिळा होतोच, आणि पुन्हा पुरेसा तापवला की बराचसा ताजा होतो.

कारण स्टार्च. भाजताना त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात. गार झाल्यावर रेणू पुन्हा रांगेत बसू लागतात आणि घट्ट होतात. गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकं फ्रिजच्या खालच्या कप्प्याच्या तापमानाला, ही रांग सगळ्यात झपाट्याने लागते. फ्रीजरमध्ये उणे अठराला ती जवळपास थांबते. रात्रीचा भात आठवा. फ्रिजमधून काढला की शीत न् शीत टणक, वाफ दिली की मऊ. बेगलचंही तसंच, आत साठ अंशांच्या वर गेला की सैल पडतो. पण गार होताना पुन्हा घट्ट होतो, आणि दर खेपेला थोडं पाणीही गमावतो. म्हणून गरम करायचा तो एकदाच, आणि लगेच खायचा. फोन नंतर घ्यायचा.

मायक्रोवेव्ह सरसकट वाईट नाही. पंधरा-वीस सेकंद ठीक. मिनिटभर लावलंत की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे उरतो तो तुमचा चप्पल.

इतवारी

एवढं शास्त्र कोण करून राहिलं भाऊ! आपल्याकडे ना ओटीजी (विजेची छोटी भट्टी) ना एअर फ्रायर. बेगल मधून कापायचा, लोखंडी तवा मंद आचेवर, कापलेली बाजू खाली, जरासं लोणी. तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाकायचं, बेगलवर नाही, अन् झाकण दाबून ठेवायचं. दीड मिनिट. मग झाकण काढून अजून एक मिनिट, साल कोरडी होईपर्यंत. कालचा बेगल असा होते की पोट्टे भांडून राहिले घरात.

बेसा, घरात दोघंच

दोन माणसं, किमान ऑर्डर सहाची. त्यामुळे फ्रीजर हाच आमचा देव, पण त्याचेही नखरे आहेत.

पहिल्या वेळी अख्खे गोठवले. सकाळी कापायला गेले तर दगड. जोर लावला, सुरी घसरली, तळहाताला तीन टाके. म्हणून पहिला नियम : गोठवण्याआधी कापा, तेही बेगल पाटावर आडवा ठेवून, वरून तळहाताने दाबून, आरीच्या सुरीने. हातात धरून कधी नाही. शिवाय कापलेला असला की एकच अर्धा काढून टोस्टरमध्ये टाकता येतो, वितळायची वाटच बघावी लागत नाही.

दुसरा : आलेल्या दिवशीच गोठवा. "उद्या खाऊ, उरले तर ठेवू" असं म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवलेत, तर शिळा बेगल गोठवल्यासारखं होतं, आणि महिन्याने तो शिळाच बाहेर येतो. प्रत्येक बेगल क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा, मग सगळे झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. पिशवीवर तारीख. दोन दरवाजांच्या फ्रिजमध्ये आमचे महिनाभर झकास राहतात. आईकडच्या एकदरवाजी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठ-दहा दिवसांत अंगावर बर्फाचे काटे आले आणि चव पुठ्ठ्यासारखी झाली.

कांदा-लसूण लावलेले बेगल वेगळ्या घट्ट डब्यात. आमच्या मलई कुल्फीला जो वास लागला, त्याबद्दल घरात आजही बोललं जातं. वादळात वीज गेली की फ्रीजर उघडायचा नाही, बंद राहिला तर भरलेला फ्रीजर बराच वेळ तग धरतो. एकदा वितळलेले मात्र पुन्हा गोठवू नका.

प्रतापनगर

उन्हाळ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. बाहेर पंचेचाळीस अंश आणि कोरडी हवा, तेव्हा मला वाटायचं बुरशीचा प्रश्नच नाही. पण घरात चोवीस तास कूलर! वाळ्याच्या ताट्यांवरून आलेली ओली हवा थेट डायनिंग टेबलावर. नवतप्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बेगलला तिसऱ्या दिवशी भोकाच्या आतल्या कडेला हिरवट मखमल आली होती. वरून स्वच्छ दिसत होता, मुलाने अर्धा खाल्ल्यावर कळलं. आता भोक आधी तपासते. आणि वरून जाडं मीठ भुरभुरलेला बेगल जुलै-ऑगस्टमध्ये मागवत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, तासाभरात पाठीला चिकट ठिपके पडतात.

त्रिमूर्तीनगर

माझी लेक न्यू जर्सीला असते. दिवाळीला येताना तिने तेरा बेगल आणले. तिकडे डझन सांगितलं की बरीच दुकानं तेरावा वरून देतात म्हणे, आपल्या भाजीवाल्याच्या कोथिंबिरीसारखं. निघायच्या आदल्या रात्री गोठवून, स्वेटरमध्ये गुंडाळून, मोठ्या बॅगेच्या पोटात. मुंबईमार्गे नागपुरात घरी पोचायला दीड दिवस लागला. बॅग उघडली तेव्हा वितळले होते पण गारवा होता. तिने ते फ्रिजमध्ये टाकायला निघालेला माझा हात धरला.

तिची पद्धत बघून मी तर घाबरलेच. अख्खा, न कापलेला बेगल सरळ नळाखाली धरला! दोन-तीन सेकंद, सगळीकडून ओला. मग ओटीजी एकशे ऐंशीवर तापवून सहा-सात मिनिटं, थेट जाळीवर, ट्रे नाही. मला वाटलं लगदा होणार. पण ते पाणी सालीवरून वाफ होऊन जातं, आतला भाग गरम होऊन सैल पडतो आणि साल पुन्हा कडक होते. काढल्यावर तिने बोटाने टिचकी मारून ऐकवली, टक् टक् आवाज आला पाहिजे म्हणे. दोन मिनिटं थांबून कापला. आवरण मोडलं, आत चिवट. तीन दिवसांपूर्वी न्यू जर्सीत भाजलेला!

तिच्याकडूनच कळलं की गोठवलेले बेगल अमेरिकेत घरोघरी पोचवले ते कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबाने. त्यांची बेकरी १९२७ची. आधीच कापून, गोठवून, पाकिटात. त्याआधी बेगल म्हणजे ठरावीक शहरांतल्या ज्यू वस्त्यांत, सकाळी घ्यायचा आणि त्याच दिवशी संपवायचा जिन्नस होता.

सदर, डिलिव्हरी करतो

वाचून हसू आलं अन् वाईटही वाटलं. माझ्या पाठीवरच्या पिशवीत खाली कुणाची बिर्याणी असते, वर तुमचे बेगल. पिशवी गरम ठेवायलाच बनवली आहे. तेव्हा बेगलवाल्यांनो, दुपारी दोन-तीनच्या ऐवजी सकाळी आठ-नऊला मागवा, तेव्हा पिशवीत गर्दी कमी असते. अन् फोन उचलत जा, गेटवर दहा मिनिटं उन्हात मी पण वातड होतो.

बजाजनगर

शिळा झालाच तर इतकं दुःख कशाला? माझ्या आजीने तिसऱ्या दिवसाचा बेगल बघितला, हातात घेऊन टेबलावर आपटला, आणि म्हणाली, "याला फोडणी द्या." बारीक तुकडे केले, ताकाचा शिपका मारून दहा मिनिटं झाकून ठेवले. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कच्चे शेंगदाणे, कांदा, हळद, वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. फोडणीच्या पोळीपेक्षा सरस, कारण तुकडे चिवट असल्यामुळे गिच्च होत नाहीत. फक्त दालचिनी-मनुकांचा बेगल असेल तर ही पाककृती विसरा. आम्ही विसरलो नव्हतो.

पुन्हा मी, धागा काढणारी

फ्रिजमधल्या चारांपैकी तीन उरले होते. तुमच्या सांगण्यावरून एक नळाखाली धरून ओटीजीत, एक तव्यावर इतवारीच्या पद्धतीने. ओटीजीवाल्याची साल खरंच टक् टक् वाजली, पण नळाखाली मी जरा जास्त वेळ धरला असावा, निम्मे तीळ सिंकमध्ये गेले आणि भोकाची आतली बाजू ओलसर राहिली. तव्यावरचा सासूबाईंना आवडला, लोण्यामुळे असेल. तिसरा आजींच्या नावाने ताकात आहे, शेंगदाणे आणायला मुलाला पाठवलंय.