अणू, परमाणू, रेणू : डाल्टन शिकवताना कोणता शब्द वापरावा?

प्रश्न : आठवीला अणूची कल्पना कशी घडत गेली ते शिकवते. वर्गात काही मुलं हिंदी माध्यमातून आलेली आहेत. त्यांचा 'परमाणु' म्हणजे आपला अणू आणि त्यांचा 'अणु' म्हणजे आपला रेणू. त्यात प्राचीन भारतीय तत्त्वज्ञ कणादांचा परमाणूही येतो. सरसकट 'परमाणू'च म्हणावं का?

प्रतिसाद : नको ताई. अणुऊर्जा, अणुभट्टी, अणुकेंद्रक हे सगळे मराठीत रुळलेले शब्द आहेत, त्यांचं काय करणार? परमाणू कणादांपुरता ठेवा. वैशेषिकांच्या, म्हणजे कणादांच्या परंपरेच्या, मते दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. झरोक्यातल्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हे त्र्यणुक. फार सुंदर मांडणी आहे, मुलांना जरूर सांगा. पण ती तर्काने केलेली आहे, इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ डाल्टनची वजनांवरून. दोन्ही एकच, असं मात्र सांगू नये.

प्रतिसाद : मला 'डाल्टनने पाण्याच्या रेणूचं सूत्र चुकवलं' हे वाक्य जास्त खटकतं. डाल्टनकडे रेणू होताच कुठे? १८०८च्या ग्रंथात तो पाण्याचाही 'अणू'च म्हणतो, फक्त संयुक्त. ठिपका असलेलं वर्तुळ हायड्रोजनचं, वजन १. रिकामं वर्तुळ ऑक्सिजनचं, वजन ७. दोन्ही शेजारी काढली की पाणी, वजन ८. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाकचे वायूंचे प्रयोग त्याच सुमाराचे : दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांची वाफ होते दोन मापं. हे फळ्यावर काढा आणि थांबा. समान मापात समान कण धरले, तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगायला हवा. मग अणू अविभाज्य कसा? मुलांना इथे अडकू द्या, घाईने उत्तर देऊ नका. १८११मध्ये इटालियन शास्त्रज्ञ अवोगाद्रोने सांगितलं की ऑक्सिजनचा कणच जोडीचा आहे. पण त्यानेही दोन्ही पातळ्यांना, सुट्या कणाला आणि जोडीला, 'मोलेक्यूल'च (आजचा रेणूसाठीचा शब्द) म्हटलं, वेगवेगळी विशेषणं लावून.

प्रश्नकर्ती : मग 'रेणू' कधीपासून म्हणू?

प्रतिसाद : १८६०पासून. तोवर घोळ इतका होता की जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६१च्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची १९ सूत्रं नोंदवली. १८६०च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारोने अवोगाद्रोचा विचार नेटाने मांडला आणि शेवटी त्याची पुस्तिका वाटली गेली. अणू आणि रेणू यांतली सीमारेषा तिथून पक्की होत गेली. तिथवर फळ्यावर नुसतं 'कण' लिहा. मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटतं.

प्रतिसाद : एक व्यावहारिक सूचना. उदाहरणं सोडवताना 'अणुभार' शब्दाकडे लक्ष ठेवा. ऑक्सिजनचा अणुभार मराठीत १६, हिंदीत ३२, कारण तिथे तो रेणूचा असतो. हिंदीतून आलेल्या मुलाने ३२ लिहिलं तर लगेच चूक देऊ नका, आधी त्याला काय म्हणायचंय ते विचारा.