मदत हवी आहे : भर दुपारी, स्वयंपाकघरात सुरू होणारा थरारपट. संकेत किती पाळावेत आणि किती मोडावेत?

नमस्कार.

मी पुण्यात जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या सत्रात आम्हाला एका काल्पनिक थरारपटाची फक्त सुरुवात, म्हणजे श्रेयनामांसह दोन ते अडीच मिनिटांचा भाग, चित्रित करून द्यायचा आहे. सोबत एक अहवाल लिहायचा असून या प्रकारातले रूढ संकेत आपण कोठे पाळले, कोठे पुढे नेले आणि कोठे मोडले, हे त्यात एकेका शॉटचा आधार देऊन दाखवायचे आहे. चित्रीकरण झाले आहे, संकलनाचा पहिला खर्डाही तयार आहे. मात्र तो पाहणाऱ्यांना हा थरारपट आहे हेच शेवटपर्यंत कळत नाही. नेमके कोठे चुकते आहे ते सापडत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

आधी माझी भूमिका सांगते. मागच्या वर्षांचे प्रकल्प आम्हाला दाखवले गेले, तेव्हा रात्रीचा रिकामा रस्ता किंवा इमारतीखालचे पार्किंग, चेहरा झाकलेला माणूस, त्याचे नुसते बूट, धापा टाकत पळणारी कॉलेजातली मुलगी आणि शेवटी किंकाळी व काळा पडदा, हा क्रम जवळजवळ प्रत्येकात होता. हे संकेत वाईट आहेत असे मी म्हणत नाही, कारण ते काम करतात म्हणूनच टिकले आहेत. परंतु त्यातल्या दोन गोष्टी मला मनापासून खटकतात. एक म्हणजे, भीती निर्माण करायची तर एका तरुण मुलीला पळवायचे, हे ठरूनच गेले आहे. दुसरी म्हणजे, धोका नेहमी अंधारातच असतो. लहानपणी साताऱ्याला आत्याच्या घरी सुट्टीत राहताना मला रात्रीपेक्षा दुपारीच जास्त भीती वाटत असे. सगळे जेवून आडवे झालेले, उन्हाने अंगण पांढरे पडलेले, आणि माजघरात एखादे भांडे उगाच वाजायचे. ती दुपार मला पडद्यावर आणायची होती.

म्हणून त्याच घरात चित्रीकरण केले आणि साठीतल्या आत्यालाच मुख्य भूमिका दिली. प्रसंग असा आहे. ती कुकर लावते. दोन ताटे पुसते, दोन पाट मांडते, दोन पेले भरते. आतल्या बाजूला तोंड करून, आवाज न चढवता, "चल, जेवायला ये" म्हणते. उत्तर येत नाही. पहिली शिट्टी होते. ती मिठाची चिमूट एका ताटात वाढते, दुसऱ्या ताटावर हात क्षणभर थांबतो आणि मग तिथेही वाढते. दुसरी शिट्टी होते. ती एक ताट उचलून माजघरातून मधल्या खोलीच्या दाराशी जाते, आणि तेव्हा आपल्याला दिसते की दाराला कडी बाहेरून लावलेली आहे. तिचा हात कडीवर जातो. आता तिसरी शिट्टी होईल असे पाहणाऱ्याला वाटते, पण ती होतच नाही. काळा पडदा, आणि चित्रपटाचे नाव.

हा खर्डा वर्गातल्या नऊ जणांना काहीही न सांगता दाखवला. पाच जणांना तो कौटुंबिक चित्रपट वाटला. एकीने तर, आई परगावच्या मुलाची वाट पाहते आहे असे समजून, "फार हळवे झाले आहे" असे सांगितले. शिट्टीची जागा फक्त दोघांच्या लक्षात आली. मार्गदर्शक प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला : "यात प्रेक्षकाने कशाची काळजी करायची?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पार्श्वसंगीत घालावे आणि चित्राला निळसर छटा द्यावी, असे गटातल्या मुलांचे म्हणणे आहे. तसे केले तर दुपार हातची जाईल, म्हणून मी अडून बसले आहे. संकेत मोडूनही थरारपट ओळखू येण्यासाठी त्यातले कोणते ठेवावेच लागतात? आणि "मोडले" हे अहवालात सिद्ध कसे करायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमची दुपार सोडू नका. अडचण उजेडाची नसून क्रमाची आहे, असे मला वाटते.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते, ते तुम्हाला अभ्यासाला असेलच. दोन माणसे बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब तिथे आहे हे त्याला आधीच माहीत असेल, तर तेच साधे बोलणे त्याला बसू देत नाही. तुम्ही तुमचा बॉम्ब, म्हणजे ती बाहेरून लावलेली कडी, शेवटच्या काही सेकंदांसाठी राखून ठेवली आहे. त्यामुळे आधीचे पावणेदोन मिनिट प्रेक्षक खरोखरच एका बाईचा स्वयंपाक पाहतो. कडी पहिल्या वीस सेकंदांत दाखवा. आत्या कोठीतून तांदूळ घेऊन माजघरातून जाते आहे, कॅमेरा तिच्या मागे न जाता दारापाशी थांबतो, कडीवर दोन-तीन सेकंद रेंगाळतो, एवढे पुरे. त्यानंतर पुसलेले दुसरे ताट आपोआप वेगळे दिसू लागेल.

मांडलेले ताट आणि न येणारे माणूस यांचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे लहान मुलांच्या खुन्याच्या शोधावरचा, फ्रित्झ लांगचा १९३१ सालचा जर्मन चित्रपट 'एम'. आई मुलीसाठी जेवणाचे टेबल मांडते, घड्याळाकडे पाहते, जिन्यात हाक मारते. मग रिकामा जिना, रिकामी खुर्ची आणि न वापरलेले ताट दिसते. यात ना अंधार आहे, ना पाठलाग. परंतु हे सुरू होण्याआधी अंगणातली मुले खुन्याचे गाणे म्हणत खेळताना दिसली आहेत, आणि मधेच, खुन्यासाठी बक्षीस जाहीर करणाऱ्या फलकावर एका माणसाची सावलीही पडून गेली आहे. ताट आपल्याला भिववते ते त्यामुळे.

उजेडाबद्दलही हेच. आपल्याच 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये विमान नायकाच्या अंगावर येते, त्या प्रसंगाबद्दल हिचकॉकने सांगितले आहे की रात्र, रस्त्यावरचा दिवा, पावसाने ओला झालेला दगडी रस्ता आणि काळे मांजर हा नेहमीचा थाट टाळायचा म्हणून त्याने उघडे माळरान आणि लख्ख ऊन निवडले. मात्र तो प्रसंग चित्रपटात बराच पुढे येतो आणि तोवर नायकाच्या जिवावर कोणी उठले आहे हे आपल्याला पक्के ठाऊक झालेले असते. तुम्ही तोच संकेत पहिल्या मिनिटात मोडता आहात, जेव्हा प्रेक्षकाजवळ धोक्याचा काहीच पुरावा नाही. तो पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल.

अहवालात "मोडले" लिहिताना संकेत कोणाचा, हेही लिहा. बी. आर. चोप्रांच्या 'कानून' (१९६०) मध्ये एकही गाणे नाही. तिथे मोडला तो हिंदी चित्रपटाचा संकेत; खटल्यातले रहस्य उलगडण्याची रीत त्याने सोडलेली नाही. तुमच्याकडे बळी आणि प्रकाश यांचे संकेत मोडले आहेत, माहिती दडवण्याचा पाळला आहे, आणि टिकटिकणाऱ्या घड्याळाच्या जागी शिट्ट्या आणून एक पुढे नेला आहे. परीक्षकाला हे तीन शब्द वेगवेगळ्या शॉटवर बसवून दाखवलेत, तर वाद उरणार नाही.

प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. तांत्रिक बाजूने थोडी भर घालतो.

निळी छटा टाळा. खिडकीतले ऊन जळू नये अशा बेताने एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण) धरा, चेहऱ्यावर उजेड परतवणारा थर्माकोल काढून टाका आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला काळा कपडा टांगा. दुपार दुपारच राहील, पण आत्याच्या चेहऱ्याची आतली बाजू सावलीत जाईल. माजघरात ट्यूबलाइट लावणार असाल, तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० फ्रेम आणि १/६० वर चित्र लुकलुकण्याची शक्यता असते.

तिसरी शिट्टी न होणे ऐकू यायचे असेल, तर पहिल्या दोन शिट्ट्यांमधले अंतर सारखे हवे आणि वाफेची सुरसुर चढत गेलेली हवी. कुकरचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. त्या खोलीची नुसती शांतताही एक मिनिटभर मुद्रित करून ठेवा, नाहीतर पडदा काळा झाल्यावर आवाज एकदम तुटेल आणि लोकांना ती चूक वाटेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी साताऱ्याला जाऊन कडीचा शॉट आणि माजघरातला भाग पुन्हा घेतला. काळा कपडा म्हणून आत्याची जुनी छत्री उघडून बांधली. नवा खर्डा दुसऱ्या तुकडीतल्या सहा जणांना दाखवला, तेव्हा "चल, जेवायला ये" या वाक्याला खोलीतली चुळबुळ थांबली. "आत कोण आहे?" असे चौघांनी नंतर विचारले, आणि संगीत नसल्याचे कोणालाच जाणवले नाही.

आता एक नवाच पेच आहे. कडी आधी दिसल्यामुळे सर्वांनी आत्यालाच खलनायिका धरले. आमच्या पूर्ण कथेत तिने आतल्या मुलाला बाहेरच्या कोणापासून तरी लपवलेले आहे, पण ते या अडीच मिनिटांत येत नाही. प्रेक्षकाचा हा समज असाच राहू द्यावा, की ती जाता-जाता अंगणाच्या दारालाही आतून कडी घालते असा एक शॉट ठेवून शंकेला जागा करावी? सादरीकरण पुढच्या शुक्रवारी आहे, त्यामुळे तो शॉट घ्यायचा झाल्यास बुधवारपर्यंत ठरवावे लागेल. आत्याला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही कड्या मी सारख्याच काळजीने लावीन, मग लोकांना काय वाटायचे ते वाटू दे." तिचे म्हणणे मला पटते आहे, पण मधल्या खोलीची कडी पहिल्या वीस सेकंदांतच येणार असल्याने, अंगणाच्या दाराची तिच्या आधी ठेवावी की नंतर, हे अजून ठरत नाही.