केसिंगमधून काढलेली ३ टीबीची डिस्क ‘रॉ’ दिसते. फॉरमॅट करावी का?

प्रश्न
माझ्या ३ टीबी बाह्य हार्ड डिस्कच्या केसिंगमधले यूएसबी सर्किट जळाले, म्हणून डिस्क बाहेर काढून मी ती थेट साटा केबलने संगणकाला जोडली. डिस्क नीट फिरते, वेगळा आवाज येत नाही. परंतु विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३४९ जीबीचे एकच ‘रॉ’ (म्हणजे फाइल सिस्टिम न ओळखता आलेले) पार्टिशन दिसते, उरलेली जागा अनअलोकेटेड (कोणत्याही पार्टिशनला न दिलेली) दिसते आणि ड्राइव्ह उघडू गेल्यास विंडोज फॉरमॅट करायला सांगते. डिस्कमधील चुका तपासणारे चेकडिस्कही रॉ ड्राइव्हवर चालत नाही. आत घरच्या फोटोंची एकमेव प्रत आहे. आधी फॉरमॅट करून नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरावे, हा मला मिळालेला सल्ला योग्य आहे का?

उत्तर १
कृपया फॉरमॅट करू नका. ३४९ ला ८ ने गुणल्यास २,७९२ येतात आणि विंडोजच्या मोजणीत ३ टीबीची डिस्क सुमारे २,७९४ जीबी भरते, म्हणजे आपले पार्टिशन बहुधा शाबूत आहे, फक्त त्याचे माप चुकीच्या पट्टीने घेतले जात आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये (पार्टिशन कुठे सुरू होते आणि किती मोठे आहे याची नोंद) सेक्टरची, म्हणजे डिस्कवरील छोट्या समान तुकड्यांची, संख्या ३२ बिटांत लिहिली जाते, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरवर ती २ टीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. जीपीटी ही नवी टेबल-पद्धत न समजणाऱ्या ३२-बिट विंडोज एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून त्या काळातली अनेक केसिंग संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवीत असत, म्हणजे तीच मर्यादा आठपट होई. आता केसिंग नसल्याने तोच टेबल ५१२ च्या हिशेबाने वाचला जातो. सेक्टर क्रमांक २५६ पासून सुरू होणारे पार्टिशन खरे तर १ एमबीवर असते, पण विंडोज ते १२८ केबीवर शोधते आणि तिथे एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचा मागमूसही नसतो. केवळ टेबल दुरुस्त करूनही भागणार नाही, कारण एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्येही (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये) ४०९६ हाच आकडा नोंदलेला असतो. त्याच मॉडेलचे चालू केसिंग मिळवा, किंवा लिनक्समध्ये ४०९६ सेक्टर-आकाराचे, फक्त वाचता येणारे लूप डिव्हाइस (खऱ्या डिस्कवर बसवलेली आभासी डिस्क) तयार करून त्यातून फाइली काढा.

उत्तर २
निदान पटते. मात्र त्याआधी स्मार्ट या डिस्कच्या स्व-तपासणी नोंदीमधील ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे, म्हणजे बदललेले आणि वाचता न येणारे सेक्टर, अवश्य पाहा. १९७ शून्याच्या वर असेल तर डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या साधनाने मॅपफाइलसह (कोणता भाग वाचला गेला याच्या नोंदीसह) संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सर्व काम त्या इमेजवरच करा.

प्रश्नकर्ता
दोन्ही आकडे शून्य आहेत. लूप डिव्हाइसमधून सगळे फोल्डर मूळ नावांसह दिसले आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवणे सुरू आहे. आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. ही डिस्क पुन्हा वापरायची असल्यास काय करावे?

उत्तर १
उतरवलेले फोटो उघडून तपासल्यावर आणि त्यांची आणखी एक प्रत तयार झाल्यावरच या डिस्कला हात लावा. मग ती जीपीटीमध्ये बदलून पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नव्हे. विस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे काही तास लागतील, पण कमकुवत सेक्टर त्यातच उघडे पडतात. नंतर स्मार्टचे ते दोन आकडे पुन्हा पाहा.