कुटुंबाची सुट्टी, मायोर्का आणि सायकल: दोन सकाळी मागून घ्याव्यात की सोडून द्याव्यात?

घाटवाली

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही पुन्हा मायोर्काला, स्पेनच्या बेटावर, चाललोय. मी, नवरा, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, आणि या वेळी कोल्हापूरहून आलेले सासूसासरे. आम्ही राहतो जर्मनीत, श्टुटगार्टला. घरात सायकल चालवणारी मी एकटीच. परवा इथल्या एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं, "घरच्यांबरोबर जाताना कसली सायकल भाड्याने घेतेस? ती हौस कधीतरी एकटी जाऊन भागव." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत: सुट्टीत सायकल जरूर चालवावी, पण चोरून चालवू नये. तिकिटं काढतानाच घरात सांगावं की मला दोन सकाळी हव्या आहेत. कुठल्या दोन, किती वाजेपर्यंत, तेव्हा मुलं कुणाकडे, हे सगळं निघण्याआधी ठरावं. आणि परतायची वेळ दिली की ती पाळावी.

"सगळे झोपलेले असताना पहाटे जाऊन ये, कुणाला कळणारही नाही" हा सल्ला मला हमखास मिळतो आणि तोच मला सगळ्यात चुकीचा वाटतो. एक तर मायोर्कात उजाडतं उशिरा. एप्रिलच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, ऑक्टोबरच्या मध्यावर तर आठ वाजतात. अंधारात अनोळखी घाट उतरण्यात शहाणपण नाही. दुसरं म्हणजे, लपूनछपून केलेल्या राइडमध्ये सगळं लक्ष घड्याळाकडे असतं. वळण बघायचं सोडून आपण मनात नाश्त्याची वेळ मोजत बसतो.

आणि जागा कुठली आहे ते बघा. बेटाच्या वायव्य किनाऱ्याने त्रामुन्ताना डोंगररांग पसरली आहे. दगडी बांध घालून केलेली पायऱ्यांची शेती, जुनी ऑलिव्हची झाडं, खाली समुद्र. या सगळ्यामुळे २०११ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. थंडी संपायच्या आत युरोपभरचे व्यावसायिक संघ इथे सरावाला येतात. ज्याला घाट आवडतात त्याने इथे येऊन आठवडाभर फक्त हॉटेलच्या तलावाकाठी बसायचं, हे मला तरी जमणार नाही.

आमचा मुक्काम पोर्ट दे सोयेरला असतो. पहिली सकाळ छोटी: कोल दे सोयेर हा घाट. १९९७ मध्ये डोंगरातून बोगदा झाला, २०१७ मध्ये त्याचा टोल उठला, आणि जवळजवळ सगळ्या गाड्या बोगद्याने जायला लागल्या. वरचा जुना रस्ता सायकलवाल्यांना मोकळा मिळाला. वळणामागून वळण, उतार सौम्य, दोन तासांत आरामात परत. तोवर मुलं बंदरातल्या ट्राममधून सोयेरच्या चौकात येतात. ही लाकडी ट्राम १९१३ सालची. चौकात मी त्यांना भेटते, सगळे मिळून एन्साइमादा, म्हणजे तिथला गोल गुंडाळलेला गोड पाव, खातो.

दुसरी सकाळ मोठी: सा कालोब्रा. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा हा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता आन्तोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने आखला आणि १९३२ मध्ये तो झाला. एकही बोगदा न खणता त्यांनी तो कड्यावरून खाली नेला. एका जागी तर रस्ता पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. खाली थोडी उपाहारगृहं आणि बोटींचा धक्का. पुढे वाहनांना रस्ताच नाही, त्यामुळे जेवढं उतरलो तेवढं सगळं चढायचं, सरासरी सात टक्के, म्हणजे शंभर मीटरला सात मीटर चढ. पण पोर्ट दे सोयेरहून तिथे बोट जाते. मी सायकलने, बाकीचे बोटीने. खाली तोरेन्त दे पारेइसच्या घळीतल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर तासभर सगळे एकत्र, मग ते बोटीने परत आणि मी घाट चढून. यात कुणाची सुट्टी बुडते, मला सांगा.

निवांत

मी दुसऱ्या बाजूची. आमच्याकडे नवरा सायकलवाला, मागे राहणारी मी. त्यामुळे ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही हिशोब फक्त सायकलवर बसल्यापासून उतरेपर्यंतचा मांडलाय. आमच्याकडे ती राइड आदल्या दिवशी दुपारीच सुरू होते. भाड्याच्या सायकलची सीट वरखाली करायची, घरून आणलेली पेडलं लावायची, हवा बघायची, केळी आणायची. तिथली उपाहारगृहं रात्रीचं जेवण उशिरा सुरू करतात, पण ह्यांना लवकर झोपायचं असतं म्हणून आम्ही अपार्टमेंटमध्ये खिचडी लावतो. दुसऱ्या दिवशी परत आले की आंघोळ, जेवण आणि झोप. उठतात तेव्हा चार वाजलेले असतात. चार तासांच्या नावाखाली एक अख्खा दिवस आणि आदली संध्याकाळ जाते. मुलं विचारतात, बाबा उठले का?

सा कालोब्राच्या बेताबद्दल. बोट समुद्रावर अवलंबून. लाटा मोठ्या असल्या की ती सुटतच नाही. म्हणजे तुम्ही सकाळी डोंगरापलीकडे गेलेल्या आणि इकडे धक्क्यावर नवरा, दोन मुलं आणि दोन म्हातारी माणसं. आणि बोट सुटली तरी भेट तासाची. नंतर तुम्हाला तो घाट चढून, मग पूर्ण डोंगर ओलांडून सोयेरला यायचंय. तेवढा वेळ सगळ्यांचा जीव टांगणीला. तासभर भेटलो म्हणजे दिवस एकत्र घालवला, असं मी धरणार नाही.

माझं मत तुमच्या मैत्रिणीसारखंच आहे. मार्चमध्ये चार दिवस एकट्या जा, पोटभर चालवा, मी स्वतः तुमची बॅग भरून देईन. घरच्यांच्या सुट्टीत नको.

दोन_चाकं

घाटवालींशी पूर्ण सहमत.

वेगळं जा म्हणणं सोपं आहे. दोघं नोकरी करणारे, शाळेच्या सुट्ट्या ठरलेल्या, विमानाची तिकिटं दोनदा काढायची, आणि त्या चार दिवसांत घरी मुलांचं बघणारा पुन्हा एकटाच. त्यापेक्षा सुट्टीतल्या दोन सकाळी घरच्यांना कितीतरी कमी जड जातात.

फक्त ऋतू बघा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी हा नाद सोडावा किंवा अगदी सकाळची छोटी फेरी ठेवावी. दहानंतर घाटात सावली शोधावी लागते. त्या दिवसांत एक चांगली सोय मात्र आहे: बेटाच्या उत्तर टोकावरच्या फोर्मेंतोरच्या दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांना बंदी असते, सायकलला नसते. पोर्ट दे पोयेन्सामध्ये मुक्काम असेल तर जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, नाश्त्यापर्यंत परत. घरच्यांना तोच रस्ता बसने बघता येतो.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा, निवृत्त शिक्षक. मुलगी-जावई जर्मनीत असतात. मायोर्काला त्यांच्याबरोबर आम्हीही जाऊन आलो. जावई सायकल चालवतात, चांगला गुणी माणूस आहे, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण या धाग्यात "तेव्हा मुलं कुणाकडे" हा प्रश्न आला आणि उत्तर कुणी मोठ्याने दिलं नाही. उत्तर आम्ही आहोत.

नातवंडांपाशी बसायला आम्हाला जड जात नाही. त्यासाठीच तर एवढा प्रवास करून येतो. पण एक प्रसंग सांगतो. हॉटेलचा तलाव, पाच वर्षांचा नातू, दंडाला फुगे बांधलेले. फुगे टोचतात म्हणून त्याने ते काढून टाकले आणि काठावरून उडी मारायला उभा राहिला. मला पोहता येत नाही. कृष्णेच्या काठी जन्म गेला, पण घाटाच्या पायऱ्यांपलीकडे मी कधी गेलो नाही. मी त्याचा हात धरून ठेवला, तो रडला, आजूबाजूची माणसं बघायला लागली, आणि त्यांना काय सांगायचं ते मला त्यांच्या भाषेत येईना. वाईट काही झालं नाही. पण पुढचे दोन तास मी त्याला खोलीत कार्टून लावून बसवलं, खिडकीबाहेर समुद्र असताना.

मुलीला मी हे तिकडे असताना सांगितलं नाही. आईवडील सहसा सांगत नाहीत. म्हणून ताई, तुम्ही जेवणाच्या टेबलावर विचाराल तेव्हा सासूसासरे "हो हो, जा की" असंच म्हणतील. त्या "हो"वर बेत आखू नका. त्यांना पाणी, भाषा, फोन, दवाखाना यातलं काय जमतं ते एकेक करून विचारा.

निवांत

काका, हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

वाटसरू

दोन्ही बाजू सायकल म्हणजे एकट्याने घाट असं धरून चालल्यात. मुलांना का नाही घ्यायचं?

मानाकोर ते आर्ता अशी बेटाच्या पूर्वेला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायी आणि सायकलने जाण्याची वाट आहे, २९ किलोमीटर. रूळ गेले, चढ अगदी कमी, मधे जुनी स्टेशनं लागतात. पूर्ण करायची गरज नाही, एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत जा, संत्री खा, परत या. मातीची वाट आहे, त्यामुळे जाड टायरच्या सायकली घ्या. स्पेनमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सगळीकडे सक्तीचं आहे, मोठ्यांना गावाबाहेर. मोठ्या माणसाच्या सायकलवर मान्यताप्राप्त सीट लावून सात वर्षांपर्यंतचं मूल नेता येतं. म्हणजे घाटवालींचं धाकटंही येईल. आजी-आजोबांना आर्ताला चहाकॉफीला बसवा.

सगळ्यांची सायकल झाली की एकाच्या सायकलचा वाद उरत नाही.

घाटवाली

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

वाटसरू, ती वाट आमच्या यादीत आहे आणि मुलांना नक्की आवडेल. पण तिने माझा प्रश्न सुटत नाही. मुलांबरोबर जाते तेव्हा मी सतत मागे बघत असते, कुणाची चेन पडली, कुणाला तहान लागली. तो त्यांचा दिवस असतो आणि मला तो हवाच आहे. घाटात मात्र वर्षातून थोडा वेळ माझ्या मागे बघायला कुणी नसतं. मला ते हवंय, आणि बाईने ते मागितलं की त्याचं रूपांतर लगेच मुलांच्या सहलीत करायचं, हे मी याआधीही बरंच ऐकलंय. तुमचा हेतू तसा नाही हे कळतं.

निवांत, बोटीचा मुद्दा बरोबर आहे, त्यासाठी माझा नियम स्पष्ट करते. बोट सुटणार की नाही हे सकाळी धक्क्यावर विचारल्याशिवाय मी निघत नाही. सुटणार नसेल तर सा कालोब्रा रद्द, त्या दिवशी कोल दे सोयेर आणि दुपारी सगळे मिळून पाल्माला, बेटाच्या राजधानीला, जाणारी लाकडी आगगाडी. पण दुपारच्या झोपेशी मी असहमत आहे. राइड करून आलेल्या माणसाने दुपारी झोपू नये, इतकं कठोर मी स्वतःशी आहे. चढ हळू चढायचा, वेळेची स्पर्धा करायची नाही, परत आल्यावर मुलांना पाण्यात न्यायची पाळी माझी. ज्याला हे झेपत नाही त्याने अंतर निम्मं करावं. तुमच्या घरात झोपेची सवय लागली आहे, ती बोलून मोडता येईल.

आणि नवऱ्यालाही दोन सकाळी मिळतात. त्याला पाल्माच्या जुन्या गल्ल्यांतून एकट्याने फिरायचं असतं, हातात मुलांची पाण्याची बाटली नसताना. तेव्हा सगळं मी बघते.

काका, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. सासरेही समोर होते. मी सरळ विचारलं, "बाबा, पाण्याजवळ तुम्ही एकटे मुलांना सांभाळाल का?" ते थोडं थांबून म्हणाले, "पाण्याजवळ नको." आता ठरलंय: माझ्या दोन्ही सकाळी मुलं नवऱ्याकडे, आणि सासूसासरे त्यांना हवं तर बरोबर, नको तर बंदराच्या बाकावर. नवऱ्याच्या सकाळी मुलं माझ्याकडे. त्यांच्यावर एकही तास नाही.

कृष्णाकाठ

हे उत्तम झालं. एक जोडा: बोटीत त्यांना मळमळेल का, तेही विचारून घ्या. आमच्या हिला झालं होतं.

निवांत

सासऱ्यांना तुम्ही विचारलंत आणि त्यांनी खरं सांगितलं, हे वाचून बरं वाटलं. नवऱ्याच्या दोन सकाळींचंही पटलं. आमच्याकडे माझ्या सकाळी कधी मोजल्याच गेल्या नाहीत, त्या मी आता मागणार आहे.

सा कालोब्राला मात्र माझा विरोध तसाच आहे. आई तीन तास घाटात आहे, फोनला रेंज असेल-नसेल, खाली उतरताना बसगाड्या समोरून येतात, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. ती बोटीत गप्प बसते आणि आपण समजतो तिला समुद्र आवडला. कोल दे सोयेर दोनदा करा. तो मोठा घाट मार्चसाठी ठेवा.

घाटवाली

मुलगी नऊ वर्षांची आहे हे खरं, गप्प बसते की नाही हे मी आज रात्री तिलाच विचारते. ती नको म्हणाली तर कोल दे सोयेर दोनदा. हो म्हणाली तर मी सा कालोब्रा करणार.