हौशाच्या तंगाखालचा गोळा: कापायचा की तसाच ठेवायचा?

कळवेकर
इथे बहुतेक जण कुत्र्या-मांजरांचं विचारतात. माझा प्रश्न गाढवाचा आहे, हसू नका.

आमचे आबा पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत रेती-विटा चढवतात. टेम्पो नाल्यापर्यंत येतो, पुढे पायवाट, तिथून आमची चार गाढवं. त्यातला हौशा सहा वर्षांचा. मी महापेला नोकरीला, पण रविवारी खेपा माझ्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली, तंग (ओझं धरून ठेवणारा पट्टा) आवळतो तिथे, रुपयाएवढा केस गेलेला राखाडी चट्टा दिसला. नायटा समजून मलम लावत राहिलो. गणपतीपर्यंत त्यावर चामखीळ आली. शेजारच्याने सांगितलं, घोड्याच्या शेपटीचा केस बांध. बांधला. गळून पडली, आम्ही खूश! तीन आठवड्यांत त्याच जागी लिंबाएवढा लाल गोळा. धक्का लागला की रक्त, वर माश्या घोंगावतात. आबा मोरचूद लावायला निघालेत. एका डॉक्टरने दुरूनच बघून "कॅन्सर आहे, विकून टाका" म्हणून पाचशे घेतले. विकला तर कुठे जाईल ते आम्हाला ठाऊक आहे.

खरंच कॅन्सर असेल? बाकी तिघांना लागेल? आणि माझी मुलगी त्याच्या गळ्यात पडते, तिला काही?

पशुधनवाले काका
मोरचूद आधी हातातून काढून घ्या. बाकीचं नंतर.

नोकरीत असताना अशी बरीच जनावरं पाहिली. तुमचं वर्णन सारकॉइडचं वाटतं. घोडा, गाढव, खेचर यांच्यात कातडीचा सगळ्यात जास्त दिसणारा ट्यूमर तोच. आधी नायट्यासारखा चट्टा, मग चामखीळ, मग डिवचल्यावर उघडं मांस, ही त्याची ठरलेली चाल. तो फुप्फुसात-यकृतात पसरत नाही, म्हणून "विकून टाका" हे बोलणं मला पटलं नाही. पण जागेवर मुळं धरतो. अर्धवट कापला, जाळला, बांधला की दुप्पट जोमाने उठतो. केस बांधून तुम्ही नेमकं तेच केलंत. रागावत नाही, गावोगाव हेच करतात.

मात्र नुसतं बघून शिक्का मारू नये. माश्यांनी जखमेत सोडलेल्या जंतांचा फोडही असाच लाल दिसतो. त्यात पिवळट कणीसारखे दाणे सापडतात आणि जंताच्या औषधाने तो बसतो. डोळ्याच्या कडेला किंवा लिंगावर, गुलाबी कातडीत असता, तर मी स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे कातडीच्या कॅन्सरचा, संशय धरला असता. तो पसरू शकतो, तिथे थांबायचं नसतं.

सारकॉइडमागे गाई-बैलांच्या चामखिळीचा विषाणू असतो, बोव्हाइन पॅपिलोमा. तो माश्यांमार्फत फिरतो असा दाट संशय आहे. शेजारी गोठा आहे का? मुलीला त्याच्यापासून धोका नाही. बाकी तिघांसाठी मात्र गोणपाट, तंग, पुसायचं फडकं वेगळं ठेवा, लीद रोज उचला, साध्या खरचटण्यावरही माशी बसू देऊ नका. आणि हौशाला तंग घालणं आजच बंद.

घोडागाडीवाला
काका, आमच्या घोड्याच्या पापणीवर असाच होता, त्याला बीसीजीची लस टोचली होती. ती करून बघावी का?

पशुधनवाले काका
घोड्याच्या पापणीपुरतं ठीक. गाढवा-खेचरांत त्याची रिॲक्शन जिवावर बेतू शकते, म्हणून टाळतात. इथे एक तर चांगल्या कातडीची कड घेऊन पूर्ण कापायचा आणि बूड गोठवायचं, नाही तर कॅन्सरची औषधं गाठीत टोचायची किंवा मलमातून द्यायची. कुठलं, ते हात लावून बघणारा ठरवेल. गोळा लॅबला पाठवायचाच, पण तपासणीसाठी नुसता तुकडा तोडून बाकीचा महिनाभर ठेवू नका, तो चवताळतो. कळव्याहून परळचं बैलघोडा हॉस्पिटल काही लांब नाही, शंभराहून जास्त वर्षं तिथे हेच काम चालतं. आधी १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करूनही बघा.

आणखी एक. गाढव दुखतंय म्हणून ओरडत नाही, गप्प उभं राहतं. जोडीदारापासून तोडलं की खाणं सोडतं, आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी उतरून ते दगावतं. नेताना त्याचा सोबती बरोबर न्या.

दिघा_विटावा
जेजुरीला पौष पौर्णिमेच्या गाढवांच्या बाजारात माझे वडील दात बघायच्या आधी कानामागे, मांड्यांच्या आत आणि पोटाखाली हात फिरवायचे. केस गेलेली जागा लागली की पुढच्या जनावराकडे. कारण विचारलं तर "तिथं पुढं फुटतं" एवढंच.

कळवेकर
उशीर झाला, माफ करा. गोठा आहे, भिंतीला भिंत लागून, आणि तिथल्या कालवडीच्या मानेवर चामखिळी आहेत. इतके दिवस बघत होतो, जोडलं नव्हतं.

परवा टेम्पोत हौशा आणि त्याची जोडीदारीण काजळ, दोघांना परळला नेलं. ऐरोली नाक्यावर ट्रॅफिकमध्ये काजळ रेकली, शेजारच्या बाइकवाल्याने व्हिडिओ काढला. गोळा काढला, बूड गोठवलं, रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांनाही सारकॉइडच वाटतो, परत उठू शकतो म्हणाले. वर्षभर दर महिन्याला फोटो काढायचे, शेजारी नाणं धरून.

आबा दिवसभर बोलले नाहीत. रात्री बघतो तर टोपलीत भिजवलेला कोंडा घेऊन त्याच्यापुढे बसलेले. हौशाने दोन तोंडं खाल्ली, मग काजळने टोपलीत तोंड घातलं तेव्हा त्यानेही नीट सुरू केलं.

काका, टाके नऊ आहेत. तंग लावायचा नाही ते कळलं, पण नुसतं चालवायला किती दिवसांनी काढू?

पशुधनवाले काका
टाके काढेपर्यंत दाराशीच. मग रिकामा, उताराला नको, सपाटीवर. रिपोर्ट आला की इथेच टाका.