गावच्या घरात कमोड-दांडे बसवायचे, की आईबाबांना मुंबईला आणायचं?

धागाकर्ता: २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा सोडला तर राज्यात फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली. रत्नागिरी जवळपास १७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. आमच्या वाडीत गणपती-शिमगा वगळता निम्मी घरं कुलपात, उरलेल्यांत सगळी साठीपुढची. माझं मत सरळ आहे: माणसं हलवू नका, घर बदला. परसातला संडास घराला जोडा, कमोड आणि दांडा बसवा, न्हाणीत खडबडीत लादी घाला. डोंबिवलीत बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

चाकरमानी: दांडा धरून संडासला जाता येईल हो. रात्री अडीचला छातीत कळ आली तर? १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट. उंबरठा काढाल, पाखाडीच्या पायऱ्यांचं काय करणार?

माहेरवाशीण: मी इथेच राहते, वय ६८. 'आणायचं' म्हणजे काय? आम्ही तांदळाची गोणी आहोत का? यांचे गुडघे गेले तेव्हा कमोड बसवला. उंबऱ्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. मग दोन्ही बाजूंना धरायला कठडे केले. चाललंय.

गवंडीदादा: रॅम्प म्हणून पाच फुटांच्या घसरगुंड्या बांधू नका, एवढीच विनंती. चढ १ ला १२ हवा. ओटीच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. अंगण तेवढं नसेल तर वळवून घ्या. आणि श्रावणात त्यावर शेवाळ धरलं की चालता माणूसही आडवा होतो. व्हीलचेअर नसेल तर चार-चार इंचांच्या ठेंगण्या पायऱ्या आणि दुतर्फा कठडा बरा. जांभ्याच्या भिंतीत नुसते स्क्रू मारलेत तर भार पडला की दांडा हातात येईल. आरपार बोल्ट घाला, मागून पट्टी लावा. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत दाराला टेकून पडला तर ढकलणार कसं?

कुळकथा: सगळं खरं, पण घर सामाईक असलं तर? आमच्याकडे संडास जोडायला निघालो, तर पुण्याचे काका म्हणाले, वाटणी झाल्याशिवाय वीट लावायची नाही. स्वतः वर्षातून चार दिवस येतात.

चाकरमानी: बघा! आणि काकांना समजावेपर्यंत म्हाताऱ्यांनी पावसात परसात जायचं?

धागाकर्ता: म्हणून खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची आजच आणा, तिला कुणाची सही लागत नाही. पाखाडीला कठडाही होईल. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी निघते, याला का नाही निघणार?

चाकरमानी: निघेल हो वर्गणी. डोली उचलायला चार तरणे खांदे कुठल्या घरातून आणणार, तेवढं सांगा.

माहेरवाशीण: आणि तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून कोण उतरवतं?