सुलोचना चव्हाण यांच्या गाण्यांचा कार्यक्रम करतोय, कोणती गाणी घेऊ?

चाळकरी:
१० डिसेंबर २०२२ ला सुलोचनाबाई गेल्या, तेव्हापासून आमच्या सोसायटीत त्यांच्या लावण्यांचा छोटा कार्यक्रम करायचं चाललंय, तासभराचा. गाणारी एकच मुलगी आहे, क्लासिकल शिकलेली, लावणी कधी गायली नाहीये, साथीला पेटी-तबला. कमिटीतले दोन काका हटून बसलेत की लावणी म्हणजे नाचणाऱ्या मुली बोलवा नाहीतर खुर्च्या रिकाम्या. मला पटत नाहीये पण त्यांना सांगू काय? आणि गाणी सुचवा प्लीज.

तुणतुणं:
काकांना सांगा, बाई स्वतः दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन गायच्या, नाच नाही की हातवारे नाहीत, सगळा ठसका गळ्यात. आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं ते काय उगाच नाही. नाच ठेवलात की लोक नाचच बघणार.
'लवंगी मिरची' मस्ट. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' सिनेमातली, खेबूडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल. आणि 'सोळावं वरीस धोक्याचं'. पण ही दोन्ही सुरुवातीला उडवू नका, नाहीतर अर्ध्यात लोक चहाला उठतील.

ढोलकी_फॅन:
अहो तबल्यावर कुठे भागवताय!! ढोलकीच पाहिजे. बाईंचा मुलगाच नावाजलेला ढोलकीपटू, विजय चव्हाण, त्यांचं वाजवणं ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. नाचाचं बजेट ढोलकीवाल्याला द्या.

श्रवणवेडी:
ढोलकीला +१.
मुलगी क्लासिकलवाली आहे तर तिला 'कळीदार कपुरी पान' द्या, शब्द राजा बढे, चाल श्रीनिवास खळे, बैठकीचा (बसून गायच्या लावणीचा) बाज आहे, तिला जवळचं वाटेल (सोपं नाहीये हं). फक्त ताना-हरकतींचा मोह आवर म्हणावं, बाईंचा शब्द न् शब्द कळतो तो आधी यायला हवा, नुसता लाडिक आवाज काढला की लावणी होत नाही, टीव्हीवर तेच चालतं हल्ली.
आणि एक हिंदी घ्याच. लग्नाआधी त्या सुलोचना कदम नावाने हिंदीत गायच्या, १९५१ च्या 'ढोलक' सिनेमातलं 'चोरी चोरी आग सी दिल में' ऐकलंय का? श्यामसुंदरचं संगीत. निम्म्या लोकांना पटणारच नाही की ह्याच त्या.

चाळकरी:
आत्ताच ऐकलं, खरंच वेगळ्याच वाटतात! यानेच सुरुवात करतो. एका काकांना पदराचं सांगितलं, ते तयार झाले. दुसरे म्हणतात निदान 'पाडाला पिकलाय आंबा'ला तरी एक मुलगी नाचू दे 🙄

ढोलकी_फॅन:
त्यांनाच नाचवा